इंटरनेटचा ‘वेग’ हा खरोखर वेग आहे काय?

विद्यार्थी मित्रहो, वेग काढायचा तर दोन गोष्टी लागतात, अंतर आणि काळ. हे तुम्ही केव्हाच शिकलेले आहात. (दिशेचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.) मग मला सांगा, ‘आमच्या इंटरनेटचा वेग दर सेकंदास ५०० मेगाबिट’ या वाक्यात अंतर कोठे आहे? कोठेच नाही! मेगाबिट हे माहितीचे माप आहे, लांबीचे नव्हे. नळातून दर मिनिटास किती लिटर पाणी पडते, तसाच हा आकडा आहे. हा प्रवाहाचा दर झाला. त्याला वेग म्हणणे चूक आहे. आणि ही चूक केवळ शब्दाची नाही. तिच्यापायी एका मुलीची नोकरी जायची वेळ आली होती.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बँकॉकमध्ये राहून न्यूयॉर्कच्या एका कंपनीचे काम करते. असे दुरून काम करणारे पुष्कळ लोक त्या शहरात येऊन राहतात. थायलंड सरकारने जुलै २०२४ मध्ये त्यांच्यासाठी पाच वर्षे मुदतीचा आणि एका खेपेस १८० दिवसांपर्यंत राहू देणारा व्हिसाही सुरू केला. साहजिकच भाड्याच्या खोलीच्या जाहिरातीत इंटरनेटचा आकडा ठळकपणे झळकू लागला. हिने ५०० मेगाबिटची खोली घेतली. रोज रात्री नऊ वाजता, म्हणजे न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यातल्या सकाळी दहा वाजता, तिची बैठक पडद्यावर भरे.

दोन महिन्यांनी वरिष्ठांनी कळवले, ‘तुम्ही दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देत नाही. सुधारणा दिसली नाही तर करार पुढे चालवता येणार नाही.’ बिचारीने खोली बदलली. जास्त भाडे भरून १००० मेगाबिटची घेतली. फरक शून्य! शेवटी तिने मला फोन केला, ‘सर, आता आणखी कोठे राहायला जाऊ?’

मी म्हटले, ‘अगं, खोली राहू दे. आधी पृथ्वीचा गोल हातात घे.’

आपणही तो घेऊ या. गोलाच्या पृष्ठभागावर दोरा ताणून मोजले, तर बँकॉक ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १४ हजार किलोमीटर भरते. इंटरनेटचे संदेश प्रकाशाच्या रूपाने काचेच्या तंतूंतून धावतात. निर्वात जागेत प्रकाश दर सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. परंतु या काचेचा अपवर्तनांक साधारण १.४७ असतो, म्हणून तंतूत प्रकाश सुमारे २ लाख किलोमीटरच जातो. १४ हजारांस २ लाखांनी भागा. उत्तर येईल ०.०७ सेकंद, म्हणजे ७० मिलिसेकंद. प्रश्न जाऊन उत्तर परत यायला दुप्पट, म्हणजे १४० मिलिसेकंद.

आणि हा झाला सरळ दोऱ्याचा हिशेब. समुद्राखालच्या केबली सरळ जात नाहीत. थायलंडमधील सी राचा गावाला जोडणारी ‘एशिया-अमेरिका गेटवे’ ही केबल २००९ साली सुरू झाली. मलेशियापासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या या जाळ्याची लांबी सुमारे २० हजार किलोमीटर आहे. न्यूयॉर्क तर तेथूनही पुढे! संदेशाची वाट २० हजार किलोमीटरची धरली तर जाण्यायेण्यास २०० मिलिसेकंद लागतात. वाटेतल्या यंत्रांत संदेश क्षणभर थांबतात ते वेगळेच. विद्यार्थिनीने प्रत्यक्ष मोजले तेव्हा आकडा आला २४०. बँकॉकमधल्याच एका संगणकापर्यंत मोजले तेव्हा आला अवघा ४.

आता तुम्ही म्हणाल, पाव सेकंदाने असे काय बिघडते? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांतील संभाषणे तपासली होती. एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने सुरुवात करेपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदच जातात, असे त्यात आढळले. आता या विश्रांतीत आणखी २४० ची भर घाला. न्यूयॉर्कच्या माणसाला वाटते, ही गप्प का? तो पुन्हा बोलू लागतो. तोच हिचे वाटेत असलेले उत्तर त्याच्या शब्दांवर येऊन आदळते. उद्धट ठरते ती, आणि कारण असते काच व अंतर.

मग ५०० चे १००० मेगाबिट करून उपयोग का झाला नाही? पुण्याहून नागपूरला वह्यांनी भरलेला ट्रक निघाला आहे असे समजा. एकाऐवजी दोन ट्रक पाठवले तर वह्या दुप्पट पोहोचतील. पण पहिली वही काही लवकर पोहोचणार नाही!

तथापि सगळाच दोष अंतराचा नव्हता. रात्री नऊला तिचा आकडा २४० वरून मध्येच ४०० च्या वर उडी मारी. त्या वेळी इमारतीतले सगळे भाडेकरू एकाच जोडणीवर चित्रपट पाहत असत, म्हणून संदेशांची रांग लागे. शिवाय बिनतारी यंत्र होते बाहेरच्या मार्गिकेत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर. सळयांची काँक्रीट भिंत त्या लहरींना बरीच अडवते. संदेश गळाले की पुन्हा पाठवावे लागतात. तिने मालकाला सांगून खोलीपर्यंत तार ओढून घेतली आणि आकडा पुष्कळसा स्थिरावला. उरलेले २४० मात्र कोणत्याही मालकाला कमी करता आले नसते. ते तिने वरिष्ठांना हिशेबासह लिहून कळवले. बैठकीत बोलणे संपले की ‘झाले’ म्हणावे, अशी प्रथा आता त्यांनी पाडली आहे. तिचा करार टिकला.

माझे मत असे, की राहण्याच्या जागेच्या जाहिरातीत एकच आकडा ‘वेग’ म्हणून छापणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, मग ती जागा बँकॉकमधली असो की पुण्यातली. तीन आकडे द्यावेत. प्रवाहाचा दर किती, नाव घेऊन सांगितलेल्या एखाद्या दूरच्या शहरापर्यंत जाण्यायेण्याचा विलंब किती, आणि गर्दीच्या वेळी शंभरापैकी किती संदेश गळतात. काहीजण म्हणतील, सामान्य माणसाला एवढे आकडे कशाला? पण बिस्किटाच्या पुड्यावर वजन, किंमत आणि मुदत असे तीन आकडे असतात, आणि ते सामान्य माणूसच वाचतो. मोठा प्रवाह निरुपयोगी आहे असेही मी म्हणत नाही. २ गिगाबाइटचा चित्रपट म्हणजे १६ हजार मेगाबिट. ५०० च्या जोडणीवर तो ३२ सेकंदांत उतरतो. त्या कामाला तोच आकडा हवा. संभाषणाला वेगळा हवा.

काही दोष माणसाने केलेले असतात, तर काही मर्यादा निसर्गाने घातलेल्या असतात. पहिल्यांबद्दल जरूर भांडावे. दुसऱ्या मात्र ओळखून आपले काम त्यांच्याशी जुळवून घ्यावे. दोन्हींची गल्लत केली की पैसे जातात, आणि दोष भलत्याच माणसावर येतो.

जाता जाता एक प्रयोग. शाळेच्या संगणकावर इंटरनेटची चाचणी घ्या. पुष्कळ चाचण्यांत दूरचे केंद्र निवडता येते. एकदा आपल्या राज्यातले शहर निवडा, एकदा न्यूयॉर्क. ‘पिंग’ या नावाखाली येणारे मिलिसेकंद वहीत टिपा. मग गोलावर दोरा ताणा, २ लाखांनी भागा आणि दुप्पट करा. तुमचे मोजमाप या उत्तरापेक्षा कमी कधीच येणार नाही. आलेच, तर त्या शहरापर्यंत तुमचा संदेश गेलेलाच नाही असे खुशाल समजा!