यंत्राची चाळणी आणि अपयशाची नोंद

यंत्रच जर औषधें शोधूं लागलें, तर रसायनशास्त्र शिकून काय करावयाचें, असा प्रश्न हल्लीं कॉलेजांत जाणारीं मुलें वडील मंडळींस विचारूं लागलीं आहेत. प्रश्न पुढील आयुष्याचा आहे. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. म्हणून उत्तर देण्यापूर्वीं एका द्रव्याची हकीकत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस इष्ट वाटतें.

१९२८ सालीं लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांस पेनिसिलिन सांपडलें, तें जंतूंच्या बशींत योगायोगानें बुरशी वाढली म्हणून. पुढें संशोधकांनीं मातींतील सूक्ष्म जीव धुंडाळून अशींच अनेक औषधें मिळविलीं. परंतु कालांतरानें तींच तीं द्रव्यें पुनः पुनः हातीं येऊं लागलीं, आणि इकडे रोगजंतु जुन्या औषधांस दाद देईनातसे झाले.

अशा स्थितींत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जेम्स कॉलिन्स, रेजिना बार्झिले, जोनाथन स्टोक्स व त्यांचे सहकारी यांनीं निराळी वाट धरली. त्यांचा वृत्तांत २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं प्रथम मान्यताप्राप्त औषधें व निसर्गांतून मिळालेलीं द्रव्यें मिळून २३०० हून अधिक संयुगें ई. कोलाय या जंतूवर घालून पाहिलीं. कोणत्या संयुगानें जंतूची वाढ खुंटली आणि कोणत्यानें खुंटली नाहीं, याची नोंद ठेवली व ती संगणकास दिली. अणूंची कोणती मांडणी जंतूस मारक ठरते, हें संगणकानें त्या नोंदीवरून ताडावयाचें होतें.

नंतर माहितींतल्या सुमारें ६००० संयुगांची यादी त्याजपुढें ठेवली असतां त्यानें एक संयुग पुढें केलें. तें पूर्वीं मधुमेहासाठीं तपासून मागें पडलेलें होतें. एका जुन्या चित्रपटांतील हॅल नामक संगणकावरून त्यास ‘हॅलिसिन’ हें नांव मिळालें. त्याची घडण प्रचलित जंतुनाशक औषधांहून वेगळी. जंतूच्या आवरणाच्या आंतबाहेर विद्युद्भाराचा जो तोल असतो, तोच तें बिघडवितें. अनेक औषधांस न जुमानणाऱ्या एका जंतूनें उंदरांस केलेल्या जखमेवरही तें गुणकारी ठरलें.

पुढें संगणकानें १० कोटींहून अधिक संयुगें चाळलीं. हें काम मनुष्यानें हातानें करूं म्हटल्यास जन्म पुरणार नाहीं. त्यांतून निवडून २३ प्रत्यक्ष प्रयोगास घेतलीं. ८ लागू पडलीं, १५ वायां गेलीं. म्हणजे यंत्र चुकलें. आणि तें कोठें चुकलें हें सांगावयास पुनः प्रयोगशाळाच लागली. हॅलिसिनही अद्याप औषधाच्या दुकानांत आलेलें नाहीं. उंदीर बरा होणें आणि रोगी निर्धोकपणें बरा होणें यांत बरेंच अंतर आहे.

तथापि आमच्या मतें या हकीकतीचें मर्म निराळेंच आहे. यंत्रास शिकविणाऱ्या त्या २३०० प्रयोगांपैकीं बहुतेक निष्फळ होते. ते निष्फळ म्हणून गाळले असते, किंवा कोणी लाजेनें ‘सफळ’ लिहिले असते, तर संगणक तेंच खोटें शिकता आणि १० कोटी संयुगांवर तीच चूक करता. चाळणी कितीही मोठी असली तरी तिचीं भोंकें माणसाच्या नोंदीनेंच पडतात.

आतां आपल्या घराकडे पाहूं. परीक्षा जवळ आली कीं शेजाऱ्याच्या जर्नलांतून आकडे उतरवून घेणें, उत्तर जुळत नसेल तर मागून ‘रीडिंग’ बदलणें, हें विद्यार्थ्यांच्या अंगवळणीं पडलें आहे. आणि गुण मिळाले म्हणजे आपणही विचारपूस करीत नाहीं. रसायनशास्त्र शिकावें काय, असें विचारणाऱ्या मुलास आम्ही म्हणूं, अवश्य शिकावें; पण जें दिसलें तेंच लिहिण्याची संवय प्रथम लावून घ्यावी. आणि चुकलेल्या प्रयोगाचें पान मुलानें आपण होऊन दाखविलें, तर वडिलांनीं त्याजवर रागावूं नये.