‘नोकरी’ या शब्दाची चोरी

उन्हाळी सुट्टीत खामगावला ‘मुलाखती’साठी गेलो. शिक्षण कोणी विचारले नाही. ओळखीच्या वीस जणांची नावे मात्र लिहून मागितली. पगाराचा विषय काढताच ‘स्वप्न’, ‘कुटुंब’, ‘स्वातंत्र्य’ हे शब्द आले, शेवटी नोंदणीशुल्क. माणसे जोडण्यावरच कमाई बेतलेल्या पिरॅमिड योजनांना २०२१च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे. पैसा फिरवण्याच्या योजनांवर १९७८च्या कायद्यानेच बंदी आहे. तरीही टाळ्या थांबेनात.

वर्गात आपण रूपकाचे सौंदर्य शिकतो. रूपक खिसा कसे कापते, हे कोण शिकवणार? ‘सदस्य’ला ‘नोकरी’ म्हणणे ही अतिशयोक्ती नव्हे, फसवणूक आहे. मी कागद कोराच ठेवला. शेजारच्या मुलाने वीस नावे भरली. पहिले नाव त्याच्या मामाचे होते.