दुसरा नळ कोरडा राहू नये

शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडील मापदंड माणशी रोज १३५ लिटरांचा आहे. त्यांपैकी सुमारे ४५ लिटर, म्हणजे एक-तृतीयांश पाणी, शौचालयासाठी धरलेले असते. मुंबईत हेही पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून आणून पिण्यायोग्य केलेले असते. ज्या शहापूर तालुक्यात भातसा व तानसा ही धरणे उभी आहेत, तेथील पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

नव्या इमारतींत शुद्ध केलेल्या सांडपाण्यासाठी स्वतंत्र नळ घालण्याची सक्ती म्हणूनच समर्थनीय ठरते. बांधकाम चालू असताना हा खर्च अल्प असतो. पुढे भिंती फोडून नळ घालण्यास कोणीच तयार होत नाही. केवळ बाजारावर विसंबूनही हे घडणार नाही. कारण खर्च बिल्डरने करावयाचा आणि लाभ मात्र रहिवाशाला व दूरच्या गावाला व्हावयाचा. हाँगकाँगमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून शौचालयांना स्वतंत्र नळांतून समुद्राचे पाणी पुरविले जात आहे.

परंतु तेथे त्या नळांत पाणी सोडण्याची जबाबदारी सरकारने उचलली, हे विसरता कामा नये. कोरडा नळ म्हणजे घराच्या किमतीत पडलेली निव्वळ भर होय. तेव्हा सक्तीच्या आदेशाबरोबरच शुद्धीकरण केंद्र सुरू होण्याची तारीख, पाण्याच्या तपासणीची व्यवस्था आणि पिण्याच्या पाण्याहून कमी असा दर पालिकेने जाहीर करावा. नियमाने नागरिक बांधला जातो, तशी पालिकाही बांधली गेली पाहिजे.