भूल हवी, चूक नको

दर सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांची नखे व दात तपासण्याचा आमचा परिपाठ गेली कित्येक वर्षे चालू आहे. मात्र आमच्याच घरातील ठमीचे दात नऊ वर्षांत आम्ही एकदाही पाहिले नव्हते. ठमी म्हणजे आमची पॉमेरेनियन कुत्री. वजन अवघे २ किलो ३०० ग्रॅम. गेल्या पावसाळ्यात तिच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, आणि दुधात कुस्करलेली पोळीही ती एकाच बाजूने चघळू लागली. डॉक्टरबाईंनी ओठ उचलून दाखविला. दातांवर किटण, हिरड्यांतून पू, काही दात हलते. "भूल देऊनच हे काम करावे लागेल, सर," त्या म्हणाल्या.

"अहो, एवढासा जीव! उठलाच नाही तर?" सौ.च्या या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

धिप्पाड अल्सेशियनला ४२ दात असतात, आणि ठमीएवढ्या जिवालाही तितकेच. इवल्या जबड्यात ते दाटीने बसतात, फटींत अन्न अडकते आणि हिरड्या किडतात. भुलीवाचून दात खरवडून देणारे कोणी शेजाऱ्यांनी सुचविले होते. परंतु त्याने वरची चकाकी तेवढी येते; रोग हिरडीखाली असतो, आणि जागे जनावर तेथे हत्यार लावू देत नाही.

सौ.ची भीती मात्र निराधार नव्हती. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८,००० कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. दर १०,००० कुत्र्यांमागे सुमारे १७ दगावली. निरोगी कुत्र्यांत हे प्रमाण ५, तर आजारी कुत्र्यांत १३३ होते. पाच किलोंखालील कुत्र्यांना धोका अधिक आढळला. विशेष लक्षात ठेवावे असे हे की, जवळजवळ निम्मे मृत्यू काम आटोपल्यानंतरचे होते, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन तासांतले.

याची कारणे डॉक्टरबाईंनी समजावून दिली. लहान देह झपाट्याने थंड पडतो, त्यातून तोंडात पाण्याचा फवारा चालू असतो. अंगातील साखरेचा साठा तुटपुंजा असतो. औषधाचा अंदाज थोडा चुकला तरी तो मोठा ठरतो. म्हणून त्याच सकाळी वजन घ्यावे, रक्त व हृदय आधी तपासावे, शिरेत सुई लावून ठेवावी. पाणी फुप्फुसात जाऊ नये यासाठी श्वासनलिकेत नळी हवीच. अंगाखाली ऊब हवी. जबड्याची जागा वेगळी बधिर केल्यास पूर्ण भूल कमी पुरते. क्ष-किरण चित्र पाहिल्यावाचून दात उपटू नये, कारण खालच्या जबड्याचे नाजूक हाड मोडू शकते. आणि दात साफ करणाऱ्याखेरीज दुसऱ्या एका माणसाने केवळ श्वास, नाडी, रक्तदाब, प्राणवायू व तापमान यांवर नजर ठेवावी.

एक चूक आमच्या हातून होता होता टळली. आमच्या हर्नियाच्या वेळची शिस्त स्मरून, रात्री आठनंतर ठमीला अन्नाचा कणही द्यायचा नाही, असे आम्ही घरात जाहीर केले. सुदैवाने संध्याकाळीच दवाखान्यातून फोन आला. एवढ्या लहान कुत्र्याला फार वेळ उपाशी ठेवल्यास रक्तातील साखर उतरते. कधी व किती खाऊ घालायचे ते त्यांनी नेमके सांगितले. हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

पाच दात काढले. ठमी शुद्धीवर आली, तरी त्यांनी तिला लगेच सोडले नाही. अंग उबदार झाले, ती पायांवर उभी राहिली, वाटीतले मऊ अन्न चाटू लागली, तेव्हाच ती सौ.च्या मांडीवर आली.

वाचकहो, हे सारे प्रश्न नि:संकोच विचारावेत. ज्या दवाखान्यात त्यांचा राग येतो, तेथे आपला जीव सोपवू नये. हिशेबाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहून सुटता येते. येथे ती सोय नाही.

हल्ली रोज रात्री आम्ही मऊ ब्रशाने ठमीचे दात घासतो; पेस्ट कुत्र्यांसाठीचीच, माणसांची नव्हे. ती नाराजीने तोंड उघडते. आमच्या सोमवारच्या तपासणीत मुलेही तसेच उघडतात.