दहापैकी शून्य

नवा अल्बम आला की आमची भाची आधी निर्माता कोण ते बघते, गाणी नंतर. परवा ती तावातावाने सांगत होती, की तिची लाडकी गायिका ‘कमर्शियल’ झाली, संपली. किती गाणी ऐकलीस, विचारलं. दोन! मला ते फार लागलं, कारण अमेरिकन गायिका लिझ फेअरशी जाणत्या समीक्षकांनीही असंच केलं होतं.

लिझची गोष्ट थोडक्यात. 1993 चा ‘एक्झाइल इन गायव्हिल’ हा तिचा पहिला अल्बम. खरबरीत गिटार, बेधडक शब्द. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. 2003 मध्ये तिच्याच नावाचा चकचकीत पॉप अल्बम आला. त्यातल्या चौदापैकी चार गाण्यांसाठी तिने ‘द मॅट्रिक्स’ या निर्मात्यांच्या चमूची मदत घेतली. अॅव्हरिल लव्हीनचं ‘कॉम्प्लिकेटेड’ घडवणारी हीच मंडळी. ‘पिचफोर्क’ या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने अल्बमला दहापैकी 0.0 गुण दिले.

चार गाण्यांचा राग चौदा गाण्यांवर काढला! छत्तिशीची बाई, पदरी मूल, आणि कोवळ्या पोरींसारखी गाते, हाही आक्षेप होताच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘रोलिंग स्टोन्स’चा गायक मिक जॅगर मुंबईत ब्रेबॉर्नवर गाऊन गेला. साठीला तीन-चार महिने उरले होते. त्याच्या उत्साहाचं कौतुकच झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण ‘गायव्हिल’ हे जॅगरच्याच बँडच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ या अल्बमला लिझने दिलेलं उत्तर. त्याला मिळते ती मोकळीक तिला का नाही? आपलं गाणं रेडिओवर वाजावं, त्यावर घर चालावं, असं एकट्या आईला वाटलं तर त्यात कसली गद्दारी?

या गदारोळात ‘लिटल डिगर’ हे त्याच अल्बममधलं गाणं झाकोळलं गेलं. घटस्फोटित आईच्या घरी नवा पुरुष आलाय आणि तिचा लहानगा खेळण्यातले ट्रक घेऊन त्याच्याकडे बघतोय. पोराचा हक्क, आईच्या मनातला सल, सगळं त्या ट्रकांभोवती उभं राहतं. लिझ कुठेही स्वतःची बाजू मांडत बसत नाही. ज्या लिझला समीक्षक शोधत होते, ती इथेच होती.

शून्य देणाऱ्या समीक्षकाने 2019 मध्ये तिची जाहीर माफी मागितली, हे त्याला शोभून दिसलं. 2021 मध्ये ‘पिचफोर्क’ने गुण वाढवून 6.0 केले. एकट्या ‘लिटल डिगर’साठीसुद्धा ते कमीच आहेत.