अमेरिकन ट्रम्पेटवादक सूर शिकायला बगदादला का गेला? शहराचं संगीत नेमकं राहतं कुठे?

फिरायला गेलेल्या जागेचा व्हिडिओ टाकायचा आणि खाली तिथली वाटेल अशी धून लावायची, की झालं! वाळवंट दिसलं की बासरी आणि डफ, पॅरिस दिसलं की अकॉर्डियन. रील्समुळे प्रत्येक शहराला एक ठरलेला आवाज चिकटलाय.

जॅझवाल्यांनीही शहरांवर आणि प्रवासावर भरपूर रचना केल्यात. पण एखाद्या शहराचं संगीत खरोखर शिकायचं ठरवलं तर काय होतं? त्यासाठी आमिर अलसफारची गोष्ट समजून घ्यायला हवी.

कोण आहे हा आमिर?

जन्म १९७७चा, शिकागोजवळचा. वडील इराकी, आई अमेरिकन. २००१मध्ये त्याने जॅझ ट्रम्पेटची एक मानाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि बक्षिसाच्या पैशांतून २००२मध्ये थेट बगदाद गाठलं. त्याला तिथला मकाम शिकायचा होता.

मार्च २००३मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. म्हणजे त्याच्या जन्माच्या देशाने त्याच्या वडिलांच्या देशावर.

मकाम म्हणजे काय?

ढोबळमानाने आपल्या रागासारखी चौकट. सूर कोणते, चाल कशी, थांबायचं कुठे, हे त्यात ठरलेलं असतं. बगदादमध्ये ही विद्या गुरूकडून शिष्याकडे तोंडी आली. युनेस्कोने २००८मध्ये इराकी मकामचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

यातले काही सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध बसतात. पेटीवर मींड निघत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार. ट्रम्पेटचीही अडचण तशीच. तीन कळा आणि पाश्चात्त्य सप्तकाचे बारा सूर, एवढंच त्याचं गणित. मधले सूर काढण्यासाठी आमिरला वाजवण्याची पद्धतच नव्याने घडवावी लागली. शिवाय तो इराकी संतूर आणि मकाम गायनही शिकला.

मग शिकायला युरोपात का जावं लागलं?

कारण बगदादचे अनेक जाणकार बगदादमध्ये उरलेच नव्हते. मकामचे मोठे गायक हमीद अल-सादी यांच्याकडे तो शिकला, ते युरोपात.

ही गळती जुनी आहे. १९३२च्या कैरोतल्या अरबी संगीत परिषदेत इराकचा वाद्यवृंद गाजला. मुख्य गायक मुहम्मद अल-कुब्बांची मुस्लिम होते, तर वादक बहुतेक ज्यू. पुढे १९५०-५१मध्ये इराकमधल्या सुमारे १ लाख २० हजार ज्यूंना विमानांनी इस्रायलला नेण्यात आलं. त्यांच्यासोबत अनेक वादकही गेले. नंतर युद्धं, निर्बंध आणि हुकूमशाहीमुळे आणखी कलाकार बाहेर पडले.

थोडक्यात, शहराचं संगीत माणसांमध्ये राहतं आणि माणसं हलली की तेही हलतं.

त्याच्या रचनांमध्ये बगदाद कुठे आहे?

२००७मध्ये त्याचा 'टू रिव्हर्स' अल्बम आला. या दोन नद्या म्हणजे टायग्रिस आणि युफ्रेटिस. सहा जणांच्या या चमूत भारतीय वंशाचा सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पाही आहे. यात जॅझवर अरबी मसाला भुरभुरवलेला नाही. अख्खी रचनाच मकामच्या सुरांवर उभी आहे आणि जॅझचे वादक त्या सुरांत उतरून वाजवतात. २०१७च्या 'नॉट टू'मध्ये तर असे १७ कलाकार एकत्र आहेत.

याचा आजच्या राजकारणाशी संबंध काय?

२०१७च्या जानेवारीत ट्रम्प सरकारने सात देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी केली. त्या यादीत इराक होता. मार्चच्या सुधारित आदेशात त्याचं नाव वगळलं गेलं. पण प्रवेशाचे असे निर्णय एका सहीवर फिरू शकतात, हे त्यातून दिसलं.

अमेरिकेत जन्मलेला कलाकार बगदादला जाऊन सूर शिकू शकला. उलट्या दिशेचा प्रवास मात्र व्हिसाच्या शिक्क्यावर अवलंबून असतो. तोंडी चालणाऱ्या विद्येत गुरू आणि शिष्य एका खोलीत बसले नाहीत, तर नुसत्या रेकॉर्डिंगवर ती तगत नाही. त्यामुळे व्हिसाचं धोरण हा संगीताचाही प्रश्न आहे.

ऐकायचं असेल तर 'टू रिव्हर्स'पासून सुरुवात करा. पहिल्यांदा ट्रम्पेट थोडा बेसूर वाटेल. तो बेसूर नाही, आपल्या कानाला सवय नसलेले ते मधले सूर आहेत.