आरोग्यविचार : कुंपणच शेत खाऊं लागलें तर

सांधे दुखणें ही गोष्ट आपल्या घरांत इतकी परिचयाची आहे कीं, तिला रोग म्हणून कोणी मोजीतच नाहीं. आजोबांचे गुडघे, आजीबाईंची कंबर, पावसाळी हवा आणि कोपऱ्यांतली तेलाची वाटी हीं सर्व एकाच कुटुंबांतलीं समजलीं जातात. त्यामुळें एखाद्या तरुण सुनेचे हात सकाळीं वळेनासे झाले, तर तिलाहि त्याच वाटींतलें तेल मिळतें आणि ‘या वयांत कसलें दुखणें!’ हा शेरा वर मिळतो. या महिन्यांत आम्ही जो विषय हातीं घेत आहों, त्याचें निमित्त हा शेराच होय.

वसईजवळच्या नायगांवाहून एका वडीलधाऱ्या वाचकभगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांचें कुटुंब अकरा माणसांचें. धाकट्या सूनबाई ३१ वर्षांच्या. वर्षभरापासून सकाळीं उठल्यावर त्यांचीं बोटें ताठ असतात. नऊ वाजेपर्यंत कणीक मळवत नाहीं, स्वतःची वेणी घालवत नाहीं. दुपारीं मात्र त्याच हातांनीं सगळीं कामें होतात, म्हणून घरांत कुजबुज चालते. मुंबईच्या एका तज्ज्ञांनीं ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ असें निदान करून गोळ्या दिल्या आहेत. इकडे एका नातलगांनीं रामबाण म्हणून पुड्या आणून दिल्या आणि त्यांनीं आठ दिवसांत चमत्कार वाटावा असा आराम पडला. शिवाय थोरल्या चिरंजीवांनीं वर्तमानपत्रांत वाचलें कीं, आतां पेशींचाच उपचार निघाला असून एका खेपेंत रोग मुळासकट जातो. तेव्हां गोळ्या बंद करून पुड्याच चालू ठेवाव्या, कीं जमिनीचा तुकडा विकून तो नवा उपचार करावा, असा या बाईंचा प्रश्न आहे. प्रश्न एका घराचा असला तरी त्याचें उत्तर पुष्कळ घरांस उपयोगीं पडण्यासारखें आहे.

प्रथम दोन दुखण्यांमधला भेद लक्षांत घेऊं. उतारवयांत सांध्यांची जी झीज होते, तिच्या वेदना कामानें वाढतात आणि विश्रांतीनें कमी होतात. ऱ्हुमॅटॉइडची रीत बहुधा याच्या उलट असते. रात्रभर निजून उठल्यावर सांधे सर्वांत अधिक ताठ असतात. हा ताठरपणा तासभर किंवा त्याहूनहि अधिक टिकतो. दोन्ही हातांच्या लहान सांध्यांवर बहुधा सारखीच सूज येते. आणि हालचाल होऊं लागली कीं सांधे हळूहळू सैल होतात. नायगांवच्या सूनबाईंचे हात सकाळीं अडतात व दुपारीं चालतात, हें ढोंग नव्हे. तें त्या रोगाचें लक्षणच होय. आमची विनंति आहे कीं, पत्र लिहिणाऱ्या बाईंनीं हें एवढें वाक्य घरांत सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचावें.

माधवकरांनीं आपल्या माधवनिदान ग्रंथांत ‘आमवात’ या व्याधीचें स्वतंत्र वर्णन केलें आहे आणि ऱ्हुमॅटॉइडशीं त्याचें साम्य वैद्यमंडळी दाखवीत असतात. म्हणजे सांध्यांचें सर्व दुखणें एकाच जातीचें नव्हे, ही जाण आपल्याकडे जुनीच आहे. हल्लींच्या काळांत तिला मोजमापाचा आधारहि मिळाला. पुणें जिल्ह्यांतील भिगवण गांवीं १९९६ सालापासून डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची पाहणी केली. शेंकडा सुमारें १८ जणांस सांध्यांचें वा स्नायूंचें कांहीं ना कांहीं दुखणें होतें. परंतु ऱ्हुमॅटॉइडचें प्रमाण मात्र शेंकडा अर्ध्याच्या आसपास भरलें. तात्पर्य, प्रत्येक दुखऱ्या गुडघ्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पण दोनशें प्रौढांमागें जो एक जण या रोगाचा असतो, त्याला ओळखण्यांत चूक होतां कामा नये. हा रोगी बहुधा स्त्री असते. पुरुषांच्या मानानें स्त्रियांत हा रोग दुप्पट-तिप्पट आढळतो. त्याचेंच भावंड जें ल्यूपस, त्यांत तर दहांपैकीं सुमारें नऊ रोगी स्त्रियाच असतात.

आतां रोगाच्या मुळाकडे वळूं. आपल्या रक्तांत रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या ज्या श्वेतपेशी आहेत, त्यांतल्या एका जातीस टी-पेशी म्हणतात. त्यांचा जन्म हाडांतल्या मगजांत होतो, पण शिक्षण छातीच्या हाडामागें असलेल्या थायमस नांवाच्या ग्रंथींत होतें. ही ग्रंथि निरुपयोगी आहे असें पुष्कळ काळ समजत असत. १९६१ सालीं जॅक मिलर यांनीं तिचें महत्त्व दाखवून दिलें. या शाळेंत परका कोण व आपला कोण हें ओळखण्याची परीक्षा होते आणि ज्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उठतील अशा दिसतात, त्यांतल्या बहुतेक तेथेंच नष्ट केल्या जातात. तरीहि थोड्या निसटतात. त्यांना आवरणार कोण?

या प्रश्नाचें उत्तर १९९५ सालीं जपानांत शिमोन साकागुची यांनीं दिलें. टी-पेशींमध्येंच एक वर्ग असा आहे कीं, जो लढत नाहीं, तर लढणाऱ्यांना आवरून धरतो. पुढें २००१ सालीं अमेरिकेंत मेरी ब्रन्कोव्ह व फ्रेड रॅम्सडेल यांनीं एका रोगट उंदराच्या वंशांत बिघडलेलें जनुक शोधून काढलें; त्याच्याच बिघाडानें मनुष्याच्या लहान मुलांतहि स्वतःच्या शरीरावर हल्ला करणारा एक भयंकर रोग होतो असें दिसून आलें. या आवर घालणाऱ्या पेशी घडतात त्या याच जनुकाच्या जोरावर. या तिघांस २०२५ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

नायगांव-भाईंदरच्या खाडीकांठचीं मिठागरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस ही गोष्ट सहज समजेल. भरतीचें पाणी आगरांत घेतल्याशिवाय मीठ पिकत नाहीं. आणि तेंच पाणी बांध ओलांडून आलें, तर पिकलेलें मीठहि विरून जातें. म्हणून पाणी आंत घेणारा जितका हवा, तितकाच उघाडी वेळेवर बंद करणाराहि हवा. आमवातीं शरीरांत भरती आवरेनाशी होते. बहकलेल्या टी-पेशी दुसऱ्या जातीच्या, म्हणजे बी-पेशींना चिथावतात. त्या स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करतात. सांध्याच्या अस्तरांत सूज येते. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखीं रासायनिक बोलावणीं सुटून आणखी पेशी तेथें गोळा होतात. आणि शेवटीं कूर्चा व हाड कुरतडलें जातें. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार आहे. त्याच्या मुळाशीं थोडा आनुवंशिकतेचा भाग असतो, धूम्रपानानें धोका वाढतो; पण रोग्याच्या आळसाचा किंवा स्वभावाचा त्यांत कांहीं भाग नाहीं. एकदां कुरतडलेलें हाड पूर्ववत् होत नाहीं, म्हणून पहिलें वर्ष-दोन वर्षें फार मोलाचीं असतात.

आतां पुड्यांविषयीं. १९४८ सालीं फिलिप हेंच यांनीं अंथरुणाला खिळलेल्या एका ऱ्हुमॅटॉइडच्या स्त्रीस कॉर्टिसोन दिलें आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. १९५० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्या आनंदामागोमाग हाडें ठिसूळ होणें, मधुमेह, रक्तदाब, चेहऱ्यावर सूज हे परिणामहि दिसूं लागले. त्याच कुळांतलीं स्टेरॉइड औषधें आजहि तज्ज्ञ वापरतात, पण मोजून आणि बहुधा थोडे दिवस. नांव-गांव नसलेल्या पुडीनें आठ दिवसांत चमत्कार घडला असेल, तर तींत हेंच द्रव्य असण्याचा संशय धरावा. अशी भेसळ तपासणींत वारंवार सांपडलेली आहे. मात्र बरेच दिवस घेतलेली अशी पुडी एकाएकीं बंद करणेंहि धोक्याचें असतें, कारण शरीराचें स्वतःचें कॉर्टिसोल तोंवर मंदावलेलें असतें. यासाठीं पुडी घेऊन तज्ज्ञांकडे जावें, ती त्यांस दाखवावी आणि ते सांगतील त्या क्रमानें ती सोडावी.

ज्या गोळ्या बंद करण्याचा विचार चालला आहे, त्यांत बहुधा मेथोट्रेक्सेट असेल. मूळचे आंध्रांतील डॉ. येल्लाप्रगड सुब्बराव यांच्या अमेरिकेंतील प्रयोगशाळेंत कर्करोगासाठीं जीं औषधें निघालीं, त्यांच्याच कुळांतलें हें औषध आहे. तें अल्प मात्रेंत या रोगावर उत्तम चालतें, परंतु गुण यावयास सहा ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत आराम पडला नाहीं म्हणून तें टाकून देऊं नये. येथें एक गोष्ट ठळक अक्षरांनीं लिहून ठेवण्यासारखी आहे. ही गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतली गेल्यास प्राणावर बेतूं शकतें. म्हणून वार ठरवावा, तो घरच्या दिनदर्शिकेवर लिहावा आणि गोळी देणारें माणूस एकच असावें. मधूनमधून रक्त तपासावें. गर्भ राहण्यापूर्वीं कांहीं महिने हें औषध थांबवावें लागतें; तेव्हां मूल हवें असल्यास पतिपत्नींनीं तज्ज्ञांशीं आधींच बोलावें. सासूबाईंनीं या कामीं संकोच मोडून पुढाकार घेतला, तर सुनेवर फार मोठा उपकार होईल.

या गोळ्यांनीं रोग आटोक्यांत आला नाहीं, तर पुढच्या पायऱ्या आहेत. लुधियान्यांत जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनीं १९९२ सालीं लंडनमध्यें टीएनएफला अडविणारें इंजेक्शन रोग्यांस प्रथम देऊन पाहिलें. त्यांतून औषधांचा एक नवा वर्गच उभा राहिला. २०१४ सालापासून त्यांतल्या एका औषधाची देशी आवृत्ति आपल्याकडे निघूं लागली. अबाटासेप्ट हें औषध, ज्याला २००५ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली, तें तर थेट टी-पेशीवरच काम करतें. टी-पेशी जागी होण्यास दोन किल्ल्या लागतात. त्यांतली दुसरी हें औषध अडवून धरतें. परंतु कुंपण आवळलें म्हणजे खऱ्या चोरालाहि वाट मोकळी होऊं शकते. टीएनएफ अडविल्यास शरीरांत दबून राहिलेला क्षय उठण्याचा धोका असतो आणि आपल्या देशांत ही भीति पुस्तकी नव्हे. हें औषध सुरू करण्यापूर्वीं क्षयाची तपासणी झालीच पाहिजे.

शेवटीं वर्तमानपत्रांतल्या त्या नव्या उपचाराकडे येऊं. त्यांत कल्पना अशी कीं, रोग्याच्याच टी-पेशी रक्तांतून काढावयाच्या, त्यांत नवें जनुक घालून बी-पेशी ओळखण्याची दृष्टि त्यांस द्यावयाची, त्या वाढवून पुनः शरीरांत सोडावयाच्या. जर्मनींतील एर्लांगेन येथें गेओर्ग शेट व सहकारी यांनीं २०२१ सालीं ल्यूपसनें गांजलेल्या एका तरुणीवर हा उपचार केल्याचें प्रसिद्ध केलें. २०२४ सालीं त्यांनीं १५ रोग्यांची हकीकत दिली. त्यांत ल्यूपसचे ८ रोगी होते, बाकीचे स्नायूंच्या व त्वचेच्या अशाच रोगांचे. सर्वांचीं प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें सुटलीं, ही गोष्ट खरोखर आनंदाची आहे. पण १५ ही संख्या लहान आहे, आणि त्या पंधरांत ऱ्हुमॅटॉइडचा रोगी नव्हता.

आपल्या महाराष्ट्रासहि या विद्येचा अभिमान वाटावा असें काम झालें आहे. पवईची आय. आय. टी. आणि टाटा मेमोरियल यांनीं मिळून असाच उपचार सिद्ध केला. ४ जून २०२१ रोजीं खारघरच्या टाटा केंद्रांत तो प्रथम एका रोग्यास दिला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्यास सरकारी मान्यता मिळाली. किंमत परदेशांतल्या उपचाराच्या सुमारें दशमांश ठेवण्यांत आली, तरीहि ती लाखांत जाते. पण ती मान्यता रक्ताच्या कांहीं कर्करोगांसाठीं आहे, सांध्यांच्या रोगासाठीं नव्हे. उपचारापूर्वीं तीव्र औषधें द्यावीं लागतात, नंतर ताप व रक्तदाब उतरण्याचें संकट येऊं शकतें, पुढें जंतुसंसर्गाची भीति राहते. प्राणांतिक कर्करोगांत हा धोका पत्करण्यास अर्थ आहे. आठवड्याच्या एका गोळीनें जो रोग आवरूं शकतो, त्यांत तो प्रथमच पत्करण्यास अर्थ नाहीं. कोणी हा उपचार संधिवातासाठीं विकत देऊं करील, तर त्याची नोंद सरकारी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रींत आहे काय, नीतिसमितीची संमति आहे काय, हें विचारावें. आणि उत्तर मिळालें नाहीं तर पिशवी बंदच ठेवावी.

तेव्हां आमचा सल्ला असा : जमीन विकूं नये, पुडी तज्ज्ञांस दाखवावी, गोळ्या चालू ठेवाव्या. तपासणीच्या दिवशीं नायगांवाहून मुंबईस जातां-येतां सूनबाईंबरोबर घरचें एक माणूस असावें, कारण गर्दीच्या गाडींत दांडा धरणें हें सुजलेल्या बोटांस शिक्षेसारखें असतें. सकाळची कणीक कोणीहि मळावी. अकरा माणसांच्या घरांत बावीस हात असतात. संध्याकाळचीं कामें सूनबाई आनंदानें करतील. विज्ञानानें आवर घालणाऱ्या पेशी शोधून काढल्या, त्या औषधाच्या रूपानें घरोघर येण्यास अजून कांहीं वर्षें जातील. घरांतली कुजबुज आवरण्यास मात्र कोणत्याहि प्रयोगशाळेची वाट पाहावयास नको. पुढील अंकीं ल्यूपस आणि गर्भारपण यांविषयीं आलेल्या पत्रांचा विचार करूं.